कार्ड निवडायला दोन दिवस, सिरीयल नंबरासाठी 41 दिवस

आधीच सांगून ठेवतो, ग्राफिक कार्ड (पीसीत गेमचं चित्र तयार करणारं कार्ड) घेतलं की दुकानातून बाहेर पडायच्या आधी बिलावर सिरीयल नंबर आहे का बघा. पेनाने लिहून शिक्का मारला तरी चालेल, पण बघा. मी बघितला नाही, अजून डोकं शांत नाहीये.

पुतण्या अकरावीला, भुसावळला आमच्याकडेच असतो. दिवाळीत म्हणे काका, प्लेस्टेशन घेऊ. पण त्याच महिन्यात, ऑक्टोबर 2025 मध्ये, प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचे मार्क सर्नी आणि त्याची चिप बनवणाऱ्या एएमडीचे जॅक हुइन पुढच्या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनच्या, ग्राफिक्सबद्दल बोलले, आणि यायला अजून काही वर्षं आहेत हेही सर्नींनीच सांगितलं. म्हटलं मग आत्ता कन्सोल कशाला, घरच्या पीसीत असं कार्ड टाकू की नवा कन्सोल आल्यावरही दोन वर्षं निघतील.

निवडताना मी मेमरी धरून बसलो. पीएस5 मध्ये, म्हणजे सध्याच्या प्लेस्टेशनमध्ये, 16 जीबी आहे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत मिळून, आणि गेम बनवणारे तोच हिशोब धरतात, म्हणून 8 जीबीचं कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी नको. टेराफ्लॉपच्या, म्हणजे चिप सेकंदाला किती गणितं करते त्या आकड्याच्या, मागे लागू नका, पीएस5 चे 10.28 आहेत पण वेगवेगळ्या पिढीच्या चिपचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. एएमडीच्या चिपचं आरएक्स 9060 एक्सटी घेतलं, 16 जीबीवालं. 160 वॅटचं आहे, पीसीला वीज देणारा आमचा 550 वॅटचा जुना एसएमपीएस पुरला, पैसे तिथेच वाचले. शिवाय मे महिन्यात इकडे 45 च्या वर जातं तेव्हा खोलीत जितकी कमी गरमी तितकं बरं.

जानेवारीत कार्डाचा एक पंखा खरखर करायला लागला, आठवड्याने बंदच पडला. एएमडीची चिप उत्तम चालत होती, पंखा ती चिप घेऊन कार्ड बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा. म्हटलं तीन वर्षांची वॉरंटी आहे, टेन्शन नाही. त्या कंपनीच्या वेबसाइटवर फॉर्म भरला, सिरीयल नंबर टाकला, बिल जोडलं. तीन दिवसांनी मेल, बिलावर सिरीयल नंबर नाही. बघतो तर बिलावर नुसतं ‘ग्राफिक कार्ड, 1 नग’.

दुकान जळगावला, पॅसेंजरने गेलो. दुकानदार म्हणे भाऊ, बिल पक्कं दिलंय ना, त्या महिन्याचं जीएसटी रिटर्न गेलं, आता त्यात हात लावता येत नाही. मी म्हटलं रक्कम बदलायची नाहीये हो, नंबरच टाकायचाय. नाही म्हणे. दुसऱ्यांदा गेलो तर मालक लग्नाला गेलेला. तिसऱ्यांदा मी आमच्या ओळखीच्या टॅक्सवाल्यांना विचारूनच गेलो, ते म्हणाले बिलाला हात लावूच नका, लेटरहेडवर बिल नंबर, तारीख, सिरीयल नंबर लिहून सही-शिक्का घ्या. दहा मिनिटांत मिळालं! हे कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन फेऱ्या आणि दोन रजा वाचल्या असत्या.

पत्र जोडलं तर पुन्हा मेल, नंबर जुळत नाही. तोच छापील मजकूर, काय जुळत नाही ते नाहीच. मी तीनदा पाठवलं, दर वेळी तीन-चार दिवस, आणि पुतण्या रोज कॉलेजातून आला की आधी विचारणार, काका मेल आला का. मग कंपनीला फोन लावला, 35 मिनिटं धरून बसलो, शेवटी एका मुलीने एकेक अक्षर वाचून घेतलं आणि म्हणाली सर, मधला तो इंग्रजी ओ नाही, शून्य आहे. कार्डावरचं स्टिकर इतकं बारीक की मी ओ वाचला, तोच फॉर्ममध्ये गेला, तोच पत्रात. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो, पण खोका साफसफाईत भंगारवाल्याने नेलेला. म्हणून खोका ठेवा, निदान त्याचा फोटो काढून ठेवा, बारकोडसकट. तिचे मी मनापासून आभार मानले, कारण त्या सगळ्या प्रकारात खरंच ऐकून घेणारी ती एकटीच.

दुरुस्त पत्रासाठी चौथी फेरी झाली. मग कार्ड बदलीसाठी नाशिकला पाठवलं. आणि हो, मघाशी राहिलं, तुमचा मदरबोर्ड (ज्यात कार्ड बसतं तो पीसीचा मुख्य बोर्ड) जुना, पीसीआय जेन 3 चा असेल तर कार्ड 8 लेनचं आहे की 16 चं, म्हणजे बोर्डाशी डेटा न्यायला-आणायला त्याला किती वाटा आहेत, ते विचारून घ्या, 8 लेनवालं त्यावर जास्त मार खातं. आमचं 16 चं आहे.

एक्केचाळिसाव्या दिवशी बदली कार्ड आलं, त्याचा सिरीयल नंबर अर्थातच वेगळा. पुतण्या लगेच कॅबिनेट उघडून बसला. म्हटलं थांब, आधी स्टिकरचा फोटो. कुरियरसोबत आलेला चलनाचा कागद जुन्या बिलाला पिन मारून ठेवला, शून्यावर पेनाने आडवी रेघ मारली, मग कार्ड लावू दिलं.