आमची वाटचाल: चित्रकथा छापणं आणि शिकवणं

वर्तमानपत्राला हवं असतं आजच्या बातमीवरचं, एका चौकटीचं व्यंगचित्र. आमच्या लांबलचक चित्रकथांना तिथे जागा नव्हती, म्हणून गोव्यातल्या फोंड्यात आम्ही झेरॉक्सवर स्वतःच पुस्तिका काढू लागलो. वर्ग नंतर आले. आज भाडं निघतं ते वर्गांतून, पुस्तिकांतून नाही.

वर्गातली मुलं पहिल्याच दिवशी लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्यासारखी गर्दी काढू बघतात. आम्ही देतो सहा चौकटी आणि एकच माणूस: समोरून, पाठमोरा, बसलेला, धावणारा. चौथ्या चौकटीत नाक बदललं, की वाचणाऱ्याला तो दुसराच कुणी वाटतो. मग ए-४ कागदाचे घड्या घालून आठ भाग करायचे, लांबीच्या मधल्या घडीवर फक्त मधल्या दोन भागांपुरता काप द्यायचा. स्टेपलशिवाय आठ पानी पुस्तिका तयार.

सगळ्यात जास्त वेळ जातो लेटरिंगवर, म्हणजे चौकटीतला मजकूर हाताने लिहिण्यावर. आधी अक्षरं, मग त्यांच्याभोवती संवादाचा फुगा. उलट केलं की शेवटचा शब्द हमखास कोंबावा लागतो. इंग्रजी कॅपिटलं एका उंचीत बसतात. आपल्याकडे वरच्या ओळीतला ‘कू’ खालच्या ओळीतल्या ‘र्वी’वर आदळतो, म्हणून दोन शिरोरेषांत अक्षराच्या जवळजवळ दुप्पट अंतर ठेवतो. साहजिकच मजकूर कापावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो कापलेलाच बरा.

विकायची पुस्तिका ए-५ आकाराची, पानं चारच्या पटीत. मूळ चित्र ए-४वर, छापताना ७१ टक्के. ०.४ मिलिमीटरची रेघ ०.२८ होते, त्याहून बारीक रेघ झेरॉक्सवर तुटते. पातळ शाईच्या करड्या छटांचे डाग पडतात, म्हणून सावली रेघांनीच, त्याही जरा मोकळ्या. दाट रेघा भरून येतात. मुखपृष्ठावर घडीच्या जागी गडद काळा टाळतो, तिथला टोनर (झेरॉक्सची काळी पूड) तडकून पांढरी रेघ दिसते.

पावसाळ्यात कागद ओल धरतो. शाई फुटते, यंत्रात दोन-दोन कागद एकदम ओढले जातात. रिमं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह राहतात, तरी मोठी छपाई गणेश चवथीनंतरच. जून ते ऑगस्ट चित्रं आणि वर्ग. थोड्या प्रती हव्या असतील तर झेरॉक्सवर. मागणी पाचशेच्या वर गेली तरच ऑफसेट, म्हणजे धातूच्या प्लेटांवरून छपाई, कारण प्लेटांचा खर्च तेवढ्या प्रतींवर विभागला तरच परवडतो.