लेहरा निवडताना फक्त लय बघू नका

रियाजासाठी लेहऱ्याचं रेकॉर्डिंग शोधायला बसलं की बहुतेक जणी आधी लय बघतात, मिनिटाला साठ मात्रा आहेत की ऐंशी, आणि मग जे पहिलं सापडेल ते लावून घुंगरू बांधायला घेतात. कथक शिकणाऱ्यांमध्ये हे सर्रास चालतं आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण ज्या ओळीबरोबर आपण रोज नाचणार ती आपल्या पायात मुरते, आपण लक्ष दिलं नाही तरी मुरते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, एका पूर्ण फेरीत, बसणारी सुरांची ओळ, सारंगीवर किंवा हार्मोनियमवर वाजवलेली, काही ठिकाणी नगमा पण म्हणतात. तीनताल असेल तर १६ मात्रांची, म्हणजे ठोक्यांची, ओळ आणि तीच पुन्हा पुन्हा. तबला आणि पाय काहीही करोत, ती तिच्या जागेवरून हलत नाही, आपण कुठे आहोत हे तीच सांगते.

आता साधा तत्कार, म्हणजे पायांचे मूळ बोल, घ्या. ता थै थै तत, आ थै थै तत. पहिला ‘ता’ उजव्या पायाने, ‘आ’ डाव्या पायाने, आणि हे सगळं ८ मात्रांत संपतं. म्हणजे तीनतालाच्या एका आवर्तनात तत्कार दोनदा होतो, एकदा समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, आणि एकदा नवव्या मात्रेपासून, म्हणजे टाळी न देता हात मोकळा दाखवतात त्या खालीपासून, आणि दोन्ही वेळा उजव्याच पायाने सुरू होतो. पायांना सम आणि खाली यातला फरक कळायला काही मार्गच नाही! तो कळतो कानाला, लेहऱ्यातून. म्हणून रियाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये मी सगळ्यात आधी हे ऐकते की खालीला ओळ वेगळी वळते का, आणि तेराव्या मात्रेपासून समेकडे निघाल्यासारखी वाटते का. ज्या लेहऱ्यात आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे जवळजवळ सारखेच आहेत तो कितीही गोड असला तरी शिकणाऱ्यांच्या कामाचा नाही. तसंच सारंगी दर दोन आवर्तनांनी नवीन हरकत, सुरांची छोटीशी सजावट, घेत असेल तर ते मैफिलीला सुंदर, पण नवीन तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, बसवताना साधी सपाट ओळच हवी.

लयीचं म्हणाल तर ती ठाय लयीवरून, म्हणजे मात्रेला एक आघात अशा मूळ लयीवरून, ठरवू नका, त्या दिवशी जिथपर्यंत जायचंय तिथून उलटं या. ६० च्या लयीत चौगुन, म्हणजे चौपट, केली की सेकंदाला ४ आघात आणि आठगुन, आठपट, केली की ८. हीच लय ७५ केली तर आठगुन सेकंदाला १० वर जाते, आणि ठाय करताना ६० आणि ७५ मध्ये फारसं काही जाणवत नाही हीच तर गंमत आहे. वर गेल्यावर मग टाच सैल पडते, घुंगरांचा नुसता खळखळाट होतो, दाणा दिसत नाही, एकेक आघात सुटा ऐकू येत नाही. आणि उलट फार संथ लयही सोपी नसते, ६० ला एक आवर्तन १६ सेकंदांचं होतं, ४० ला २४ सेकंदांचं, एवढा वेळ दोन मात्रांमधली जागा नीट सांभाळत थाट, म्हणजे डौलदार उभं राहून केलेल्या बारीक हालचाली, करणं हा वेगळाच रियाज आहे, त्याला मन शांत लागतं.

सुराकडे तर कोणी बघतच नाही. कॅसेटच्या काळात लय वाढवायला टेपचा स्पीड वाढवला की सूरही चढायचा, साधारण ६ टक्के वेग वाढला की अर्धा सूर, म्हणजे १०० ची लय १०६ केली की काळी १ चा लेहरा (हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून सुराला अशी नावं देतात) पांढरी २ ला पोचला. आता मोबाईलवर सूर तोच ठेवून लय बदलता येते, छान सोय आहे, पण जास्त ताणलं की सारंगीचा गज फाटल्यासारखा, थरथरता ऐकू येतो आणि मात्रेची कड बोथट होते. थोडंफार कमीजास्त करायला ठीक, पण ६० चं रेकॉर्डिंग ओढून १२० करू नका, मूळ १२० ला वाजवलेलं शोधा. आणि सोबत तबला असेल तर वाजवणाऱ्यांना आधीच विचारा तबला कुठल्या सुराचा आहे, काळी १ चा तबला आणि पांढरी २ चा लेहरा एकत्र ऐकत नाचणं म्हणजे कानाला शिक्षाच. पढंतचंही, म्हणजे तोंडाने बोल म्हणण्याचंही, तसंच. ती आपण गात नाही हे खरं, पण सूर फार वरचा असेल तर आवाज नकळत त्याच्यामागे चढतो आणि बोल ओरडल्यासारखे येतात, हे मी क्लासमध्ये नेहमी बघते.

मग राहिला भाव, माझा सगळ्यात आवडता भाग. तीनतालात चंद्रकंसचे लेहरे इतके का चालतात यावर मी बराच विचार केलाय. त्यात गंधार, धैवत कोमल पण निषाद शुद्ध, आणि तो निषाद वरच्या षड्जाला अगदी खेटून. म ध नि करत ओळ वर चढते तेव्हा त्या निषादावर थांबवत नाही, समेवर पडावंच लागतं. द्रुत लयीत परण, चक्रदार, लडी अशा जोरकस रचना करताना ही ओढ अंगात जोर आणते. कीरवाणीतही शुद्ध निषाद आहे, तिथेही हे थोडंफार होतं. पण बागेश्रीत निषाद कोमल, त्यामुळे सम हळुवार येते, आणि घूंघटाची गत किंवा एखादी गतनिकास, म्हणजे डौलदार चालीतून भाव दाखवणारा भाग, करायची असेल तर मला तेच हवं असतं. चंद्रकंसवर घूंघट करून बघा, भुवया आपोआप ताणल्या जातात, चेहरा युद्धाला निघाल्यासारखा होतो. खरं तर चंद्रकंस रात्रीचा राग, आपण सकाळी सातला लावतो, लेहऱ्याच्या बाबतीत वेळेचं कोणी फार मनावर घेत नाही आणि मीही घेत नाही, पण प्रसंगाचं मात्र घ्यावं.

तीनतालाचं ठीक आहे, खूप काही मिळतं. धमार आणि रूपक या तालांना मात्र हवा तो सूर, हवी ती लय आणि बरा राग एकत्र मिळणं अवघडच. रूपकमध्ये तर समेवरच खाली, ते नीट दाखवणारी ओळ लागते. त्यासाठी जवळपास कोणी हार्मोनियम वाजवणारं असेल तर सरळ त्यांना विनंती करा, मेट्रोनोम त्यांच्या कानात लावून द्या, काळी १ मध्ये ५०, ६० आणि ८० अशा तीन लयींत दहा-दहा मिनिटं मोबाईलवर घ्या, हरकती नकोत म्हणून आधीच सांगा. आणि फाईलच्या नावातच ताल, राग, सूर, लय सगळं लिहा, नाहीतर महिन्याभरात कुठली कुठली ते कळत नाही.