बर्फात कॅरॅव्हॅन लावताना आधी पाण्याचा विचार करा

ऑस्ट्रियात टिरोलमधल्या ओट्झटाल खोऱ्यातलं झोल्डन समुद्रसपाटीपासून १,३६८ मीटरवर आहे. जानेवारीत रात्री पारा उणे दहाच्या खाली गेला तर तिथं कुणी दखलही घेत नाही. अशा ठिकाणी कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहायचं म्हटलं की म्युनिक-स्टुटगार्टकडची आपली मंडळी पहिल्यांदा विचारतात, "आत गारठायला होत नाही का?" होत नाही. कॅरॅव्हॅन धड असेल आणि हीटर चालू असेल तर आत टी-शर्टवर बसता येतं. वैताग आणतं ते पाणी. ते रेग्युलेटरमध्ये गोठतं, ब्रेकमध्ये गोठतं, गादीमागे साचतं आणि छतावर चढून बसतं.

रस्त्याबद्दल थोडक्यात. म्युनिकहून कॅरॅव्हॅन ओढत जाताना गार्मिशवरून घाट चढण्यापेक्षा रोझेनहाइम, कुफस्टाइन, इन्सब्रुक असा वळसा परवडतो, कारण इन नदीच्या खोऱ्यातून जाणारा ए१२ महामार्ग बऱ्यापैकी सपाट आहे. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर गाडीला हिवाळी टायर लागतात आणि त्यांची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल असावी लागते. कॅरॅव्हॅनच्या टायरांकडे कुणी बघत नाही, पण उतारावर ढकलायला तीच पुढे येते, म्हणून तिलाही हिवाळी टायर घालावेत. बर्फावर पकड मिळावी म्हणून लावायच्या साखळ्या गाडीच्या इंजिन फिरवतं त्या चाकांना, आणि त्या घरच्या अंगणात एकदा चढवून बघितलेल्या असाव्यात. ऑस्ट्रियात कॅरॅव्हॅनला वेगळं व्हिन्येट, म्हणजे महामार्गाच्या टोलचा परवाना, लागत नाही. स्वित्झर्लंडमधून जाणार असाल तर लागतं.

जागेवर पोचल्यावर आधी जमीन बघा. आजूबाजूचं वितळलेलं पाणी येऊन साठेल अशा खोलगट जागी चाकं उभी करू नका. रात्रीत ती बर्फात रुततात आणि निघायच्या दिवशी कुदळ मागत फिरावं लागतं. चाकांखाली आणि चारही कोपऱ्यांच्या पायांखाली लाकडी फळ्या ठेवा, साधारण २० बाय २० सेंटिमीटर, तीन-चार सेंटिमीटर जाड. प्लास्टिकचे ठोकळे बर्फावर सटकतात.

आता हातब्रेक. सपाट जागेवर चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा, पाय खाली करा आणि हातब्रेक सोडून द्या. रस्त्यावरचा चिखल-पाणी ब्रेकच्या ड्रममध्ये गेलेलं असतं. ब्रेक ओढून ठेवला तर लायनिंग ड्रमला चिकटून गोठतं.

गॅसच्या बाबतीत आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा अनुभव इथं उपयोगाचा नाही. त्यात ब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळायचं थांबतं, म्हणजे सिलिंडर भरलेला असूनही बर्नरपर्यंत काही येत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होत राहतो. म्हणून हिवाळ्यात शुद्ध प्रोपेन घ्यायचा. जर्मनीत तो ११ किलोच्या करड्या बाटलीत मिळतो. दक्षिण युरोपातून येणाऱ्यांनी बाटलीत काय आहे हे विचारूनच ती बदलून घ्यावी.

खर्च किती? ट्रूमा कंपनीचा एस ५००४ हीटर पूर्ण जोरात ताशी ४८० ग्रॅम गॅस खातो आणि मंद आचेवर ६०. कडक थंडीत दिवसाला चार किलो धरून चाला, म्हणजे एक बाटली अडीच-तीन दिवस. बाटली नेमकी पहाटे संपते, म्हणून दोन बाटल्या आणि आपोआप दुसरीवर जाणारा रेग्युलेटर हवाच. किती गॅस उरला हे बाटलीकडे बघून कळतं. हीटर चालू असताना द्रव गॅस जिथपर्यंत आहे तिथपर्यंत पत्र्यावर पांढरं दंव धरतं आणि वरचा भाग कोरडा राहतो.

रेग्युलेटर गोठतो त्यालाही कारण पाणीच. गॅसमध्ये थोडी ओल असते. दाब उतरताना गॅस थंड होतो आणि ती ओल बारीक छिद्रात बर्फ होऊन बसते. त्यासाठी रेग्युलेटरला लावायचा १२ व्होल्टचा छोटा गरम करणारा तुकडा मिळतो. तो गोठल्यावर लावण्यापेक्षा आल्या आल्या चालू करा. काही हिवाळी कॅम्पसाइटवर प्रत्येक जागेला मीटर लावलेली गॅसची जोडणी असते. ती मिळाली तर बाटल्यांची कटकटच मिटते. फक्त त्या जोडणीतला गॅसचा दाब किती आहे ते रिसेप्शनवर विचारा: नव्या कॅरॅव्हॅन ३० मिलिबारवर चालतात, जुन्या ५० वर.

वीज १६ अँपिअरची असेल तर हातात सुमारे ३,६०० वॅट येतात. हीटरची २,००० वॅटची विजेची कॉइल चालू ठेवून २,००० वॅटची केटली लावली की चहाआधी अंधार. वायर रबरी, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. साधी प्लास्टिकची थंडीत काठीसारखी ताठ होते. ती जमिनीवर टाकू नका, उंचावरून टांगा. सकाळी बर्फ उडवणारं यंत्र फिरतं आणि त्याला बर्फाखालची वायर दिसत नाही.

वापरायचं पाणी आतल्या टाकीत ठेवा. सांडपाण्याचा मात्र पाइप सरळ आणि उतरता हवा. एक जरी झोल राहिला तरी तिथं बर्फाची गुठळी तयार होते आणि सिंक तुंबतं. पाइपाच्या तोंडाखाली रुंद बादली ठेवून त्यात मूठभर जाडं मीठ टाका. बादली रोज रिकामी करायची, भरायची वाट बघायची नाही.

बंबाला म्हणजे बॉयलरला बहुधा एक सुरक्षा झडप असते. आतलं तापमान ३ अंशांच्या जवळ आलं की ती स्वतःहून उघडते आणि बंबातलं सगळं पाणी बाहेर सोडते, म्हणजे बंब फुटत नाही. नवखे लोक दिवसभर हीटर बंद ठेवून स्कीइंगला जातात आणि संध्याकाळी कॅरॅव्हॅनखाली बर्फाची लादी बघून गळती झाली असं समजतात. गळती नसते, झडपेनं काम केलेलं असतं. ती परत बंद करता येते, पण आजूबाजूचं तापमान ७ अंशांच्या वर गेल्यावरच. चिमटा लावून जबरदस्तीनं बंद ठेवणारे महाभाग आहेत. नव्या बंबाचा खर्च त्यांनाच माहीत. थोडक्यात, बाहेर जाताना हीटर १२-१५ अंशांवर ठेवून जा.

छताचं गणित करून बघा. छत ६ बाय २.३ मीटर म्हणजे जवळजवळ १४ चौरस मीटर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तर ३० सेंटिमीटरच्या थराचं वजन ४०० किलोंच्या वर जातं. तेवढाच थर ओल्या बर्फाचा, घनमीटरला ३०० किलोंचा असेल तर बाराशे किलो, म्हणजे छतावर दुसरी कॅरॅव्हॅनच. हातभर थर चढायची वाट न बघता मऊ, लांब दांड्याच्या झाडूनं ओढून काढा. दहा सेंटिमीटर राहू द्या, त्याची ऊब मिळते. लोखंडी फावडं छताला लावू नका. थंडीत झरोक्यांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं.

हीटरची चिमणी छतावर असेल तर १५ सेंटिमीटरचा वाढीव तुकडा बसवा आणि तिच्याभोवती रोज हात फिरवा. कॅरॅव्हॅनखालून वारा येऊ नये म्हणून लोक बाजूनं बर्फाच्या भिंती रचतात. रचा, पण चारही बाजू बंद करू नका. कॅरॅव्हॅनच्या तळातल्या जाळ्या गळलेला गॅस बाहेर जाण्यासाठी असतात. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यानं तो खालीच उतरतो. त्यांत बोळे कोंबायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ हवाच. फावडं नेहमी आत ठेवा: दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि रात्री अर्धा मीटर बर्फ पडला की बाहेरचं फावडं फक्त खिडकीतून बघायला मिळतं.

आतल्या ओलीचा मोठा हिस्सा आपण स्वतः आणतो. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की ती वाफ कपाटामागच्या थंड भिंतीवर जाऊन बसते. वरचा झरोका उघडा ठेवूनच भात लावा. ओले बूट आणि कपडे कॅम्पसाइटच्या वाळवणीच्या खोलीत टाका. गाद्या भिंतीपासून दोन बोटं लांब ओढा, दिवसातून दोन-तीनदा दार-खिडकी पाच मिनिटं सताड उघडा. गॅस वाया जातो असं वाटतं, पण कोरडी हवा लवकर तापते.

निघायच्या दिवशी छत पूर्ण साफ हवं. मागच्या गाडीच्या काचेवर बर्फाची लादी पडली तर जबाबदारी तुमची. टाकी आणि बंब रिकामे करा, निचऱ्याच्या तोट्या उघडा, नळाचे दांडे मधोमध उभे ठेवा, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही नळ्या निथळतात. शॉवरची नळी झटका. मग गाडी जोडून पाच मीटर सावकाश पुढे घ्या, उतरा आणि कॅरॅव्हॅनच्या चाकांमागचा बर्फ बघा. दोन्हीकडे टायरची नक्षी उमटली असेल तर चला. एका बाजूला नक्षीऐवजी गुळगुळीत घसरपट्टी असेल तर ते चाक अजून गोठलेलं आहे: मागे-पुढे हलवून किंवा चाक काढून ड्रमवर लाकडी हातोडीनं हलकं ठोकून ते सोडवायचं. ड्रमवर उकळतं पाणी ओतू नका, पुढच्या वळणापर्यंत तेच पुन्हा गोठतं.