नऊ गोळ्या

"गोळ्या नियमित घेताय ना? खरं सांगा," मी विचारलं. आवाज चढला होता, हे आता कबूल करते.

समोरचा माणूस पाच आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा एचआयव्ही आणि टीबी एकाच आठवड्यात निघाले होते. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पेशी, ३१; व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सहा लाखांच्या वर. आधी टीबीची औषधं सुरू केली. सीडी४ ५० च्या खाली असेल तर फार थांबायचं नसतं, म्हणून दोन आठवड्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधंही. ताप उतरला, भूक लागायला लागली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. आता एआरटीच्या एकविसाव्या दिवशी दुपारी तो १०३ ताप, मानेवर लिंबाएवढी गाठ आणि धाप घेऊन परत आला होता. एक्स-रे आधीपेक्षा वाईट.

तो काहीच बोलला नाही. त्याच्या मोठ्या बहिणीने पिशवीतून दोन डब्या काढून टेबलावर ठेवल्या. "मोजा, डॉक्टर."

मोजल्या. सकाळच्या गोळीच्या डबीत तीसपैकी नऊ उरल्या होत्या. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे एचआयव्हीचं डोल्युटेग्राविर शरीरातून लवकर जातं, म्हणून संध्याकाळी त्याची एक जादा गोळी दिली होती. त्या डबीत दहा होत्या, कारण त्या दिवशीची संध्याकाळ अजून व्हायची होती.

"माफ करा," मी म्हटलं. आणि मग जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. गोळ्या नेमाने घेतल्या होत्या म्हणूनच हे झालं असणार.

याला आम्ही आयरिस म्हणतो. टीबीचे जंतू मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गिळतात, पण गिळलेलं मारायला त्यांना वरून हुकूम लागतो. तो हुकूम म्हणजे इंटरफेरॉन गॅमा, आणि तो देण्यात सीडी४ पेशींचा वाटा मोठा. सीडी४ ३१ वर आले की हुकूम देणारंच कोणी उरत नाही. मॅक्रोफेज पोटात जंतू घेऊन नुसत्या बसून राहतात. एआरटीने विषाणूची वाढ थांबली की पहिल्या काही आठवड्यांत, लसिका गाठींमध्ये अडकलेल्या जुन्या जाणत्या सीडी४ पेशी रक्तात परततात. टीबीचे अवशेष त्यांना लगेच ओळखू येतात. जंतू जिवंत आहे की मेलेला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. इंटरफेरॉन गॅमा सुटतं, आणि इतके दिवस खोळंबलेल्या मॅक्रोफेज टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ या सायटोकाइनांचा, म्हणजे पेशींच्या रासायनिक निरोपांचा, लोंढा सोडतात. ताप, सूज, गाठ हे सगळं त्या लोंढ्याचं.

माझ्याबरोबरच्या ज्युनिअरने विचारलं, "म्हणजे आधी सायटोकाइन कमी होते का?"

प्रश्न चांगला होता आणि उत्तर नेमकं उलट. एचआयव्हीत सायटोकाइन कमी नसतात. लागण झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच इंटरल्युकिन-१५, इंटरफेरॉन अल्फा आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे असे उसळतात, की इतर अनेक संसर्गांत तेवढी उसळी दिसत नाही. त्याच काळात आतड्यातल्या सीडी४ पेशींचा फडशा पडतो, आतड्याचं अस्तर विरतं, जंतूंचे तुकडे रक्तात झिरपत राहतात आणि गोंगाट वर्षानुवर्षं चालू राहतो. विषाणूला तो सोयीचाच. टीएनएफमुळे पेशीत जो एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच चालू होतो, तोच विषाणूच्या जनुकांनाही जागं करतो. मला तर हे सगळ्यात बेरकी वाटतं: घरच्या धोक्याच्या घंटेवरच चोराने आपला गजर लावून ठेवलाय. आमच्या रुग्णात गोंगाट आधीही होता; टीबीवर नेम धरणारं कोणी नव्हतं.

अर्थात आयरिस हे नाव सरळ चिकटवून मोकळं होता येत नाही. आधी बाकीचं वगळावं लागतं. जीनएक्सपर्ट या टीबीच्या चाचणीत रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी नव्हता. क्रिप्टोकोकस या बुरशीची चाचणी निगेटिव्ह, यकृत ठीक. कापोसी सार्कोमा या कर्करोगाचे चट्टे शोधायला तोंडापासून तळपायापर्यंत बघितलं, कारण स्टेरॉइडने तो भडकतो. दुसऱ्या दिवशी उरलेले आकडे आले: व्हायरल लोड ९००, सीडी४ ११८.

आणि तरीही प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहिताना हात अडखळला. ज्याची प्रतिकारशक्ती आत्ता कुठे डोकं वर काढतेय, तिलाच दाबणारं औषध. किलोला रोज दीड मिलिग्रॅम दोन आठवडे, मग पुढचे दोन आठवडे निम्मं. एआरटी आणि टीबीची औषधं मात्र चालूच.

बहिणीला समजावणं त्याहून अवघड गेलं. "औषध लागू पडलंय म्हणून तो आजारी आहे" हे वाक्य कोणाला पटेल? त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पहारेकरी परत आलेत, पण घरातल्यांनाही काठ्या मारतायत."

"हो. काठी जरा खाली ठेवायला सांगतोय, इतकंच."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गाठ मात्र आठवड्याने फुटली, पू वाहिला, भरायला बरेच दिवस गेले. या आजारात घाई करून चालत नाही, मलाही नाही.

तो आता दर महिन्याला येतो. वजन वाढलंय, धाप गेलीये. खुर्चीत बसायच्या आधी खिशातून डबी काढून झाकण उघडतो आणि माझ्याकडे सरकवतो. मी एकदाही मोजायला सांगितलेलं नाही.