वाचननोंद: ट्रायॉनमधला हेर आणि बाबांचा प्रश्न

मंडळी, सध्या हातात जोसेफ फाइंडरचं 'पॅरानोया' आहे. २००४ची कादंबरी. यातले फोन आता जुन्या बाजारात दिसतील, पण पानं अजून पळतात. २०१३चा सिनेमा पाहून ज्यांनी पुस्तकावर फुली मारली असेल, त्यांनी ती खोडावी. प्रत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून उचललेली, आधीच्या मालकाने काही ओळींखाली पेन्सिल ओढलेली. बहुतेक व्यवस्थापनाचा विद्यार्थी असावा, कारण रेघा नेमक्या मुलाखतीच्या सल्ल्यांखाली आहेत.

सुरुवातीचा भाग

ॲडम कॅसिडी हा टेलिकॉम कंपनीतला खालच्या फळीतला पोरगा. कामचुकार, पण बोलण्यात कुणाला ऐकणार नाही. माल उतरवणाऱ्या विभागातला एक म्हातारा कामगार निवृत्त होतो, त्याला हा गडी कंपनीच्या पैशांतून साहेबलोकांना शोभेल असा जंगी निरोप देतो आणि पकडला जातो. मालक निकोलस वायट त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवतो: तुरुंगात जा, नाहीतर प्रतिस्पर्धी 'ट्रायॉन' कंपनीत नोकरी मिळव आणि तिथलं गुपित बाहेर काढ.

इथपर्यंत पोचायला फार पानं लागत नाहीत. त्यानंतर बराच वेळ कुणी कुणाच्या मागे धावत नाही, गोळी सुटत नाही, गाडी उलटत नाही. तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. वायटची माणसं ॲडमला घासूनपुसून तयार करतात: कपडे, बोलणं, बायोडेटा, मीटिंगमध्ये कधी गप्प बसायचं. आपल्याकडे वशिल्याचं तट्टू आतल्या माणसाच्या जोरावर घुसतं, इथे ते शत्रूच्या जोरावर घुसतं. त्याला उत्तरं आधीच पढवलेली असल्याने तो हुशार ठरतो, आणि हुशार ठरल्याने ट्रायॉनचा म्हातारा प्रमुख जॉक गोडार्ड त्याला जवळ करतो. मला खरा थरार या बढतीत वाटला. जितका वर जाईल तितका जास्त अडकेल.

मधला भाग (वाकडच्या ट्रॅफिकमध्ये)

कंपनीच्या बसमध्ये वाचायला याहून सोयीचं पुस्तक नाही. प्रकरणं तोकडी, सिग्नल सुटेपर्यंत एक संपतं. फक्त परिणाम वाईट. परवा हिंजवडीत गेटवर कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागायला नेहमीपेक्षा क्षणभर उशीर झाला आणि पोटात गोळा आला. मी कुठे काय चोरलंय! मागचा म्हणाला, "मॅडम, पुढे सरका की."

लेखकाची हातोटी इथेच दिसते. भीतीचं सगळं सामान ऑफिसातलंच आहे: कार्ड, लॉगइन, साहेबाचं कॅलेंडर, रात्री उशिरा चालू राहिलेला दिवा, फेरी मारणारा सिक्युरिटीवाला. कीबोर्डची वायर आणि संगणक यांच्या मध्ये बसवायची एक बारीकशी डबी असते. दाबलेली प्रत्येक कळ, म्हणजे पासवर्डसुद्धा, ती आत साठवते. जुन्या पद्धतीच्या अशा डबीत एक मोठी गोम असते. ती लावून भागत नाही, काढायला परत त्याच खोलीत जावं लागतं. पहिल्या खेपेला आपण ॲडमसोबत घाबरतो. दुसऱ्या खेपेला एकटेच घाबरतो, कारण पठ्ठ्याला तोवर सवय झालेली असते.

खटकलं तेही सांगते. प्रेमप्रकरण सरळ कंटाळवाणं आहे. वाइनच्या गप्पा येतील तिथे मी पानं उलटली.

बाबांचा प्रश्न

ॲडमच्या वडिलांचा धागा मात्र मनापासून वाचला. फुप्फुसाच्या आजाराने घरात अडकलेला, कुणाशीच न पटणारा चिडका म्हातारा. त्याचा एक उतारा बाबांना वाचून दाखवला. माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे गं. पण तो नेमकं चोरतो काय?"

"नव्या प्रॉडक्टची माहिती, बाबा. ड्रॉइंग वगैरे."

"ड्रॉइंग नेऊन काय करणार? आमच्याकडे ड्रॉइंगला गेटपास लागायचा, पण डाय, म्हणजे साचा, कुठे, किती घासायची, ते कागदावर कधी नव्हतंच. ते कांबळेच्या हातात होतं. कांबळेला न्यावं लागलं असतं."

मग मी त्यांना फ्रान्सिस कॅबट लोवेलची गोष्ट सांगितली. हा बोस्टनचा व्यापारी १८१०मध्ये इंग्लंडला गेला, तिथल्या कापडगिरण्या हिंडून पाहिल्या आणि यंत्रमाग डोक्यात भरून घेतला. यंत्रांचे नकाशे देशाबाहेर न्यायला इंग्रजांची बंदी होती. १८१२मध्ये परतताना त्याचं जहाज अडवून सामान तपासलं, पण सामानात काही नव्हतंच. मॅसॅच्युसेट्समध्ये वॉल्थॅमला पॉल मूडी या कारागिराला हाताशी धरून त्याने माग उभा केला. बाबा खूश. म्हणाले, "मूडीचं नाव आधी घे."

बाबांच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर आपल्या जवळपासच आहे. १९९३मध्ये जनरल मोटर्सचा खरेदीप्रमुख लोपेझ फोक्सवॅगनला गेला आणि जाताना गुप्त कागद घेऊन गेला, असा आरोप जनरल मोटर्सने केला. कागदांत नव्या गाड्यांच्या योजना होत्या आणि सुट्या भागांचे दरही. १९९७मध्ये तडजोड झाली: फोक्सवॅगनने १० कोटी डॉलर द्यायचे, शिवाय जनरल मोटर्सकडून निदान १०० कोटी डॉलरचे भाग विकत घ्यायचे. पुढे एकीचा कारखाना चाकणला आला, दुसरीचा तळेगावला. त्या रस्त्याने जाताना मला आता हेच आठवतं.

कादंबरी बाजूला ठेवून थोडी शोधाशोध

खऱ्या प्रकरणांत चोरापेक्षा योगायोग चलाख निघतो. २००६मध्ये कोका-कोलाची गुपितं विकायची आहेत, असं पत्र पेप्सीकडे आलं, तेही कोका-कोलाच्याच लिफाफ्यात. पेप्सीने ते सरळ कोका-कोलाला कळवलं. मग एफबीआयचा माणूस गिऱ्हाईक बनून गेला आणि बिस्किटांच्या खोक्यात ३०,००० डॉलर रोख देऊन आला. हे कादंबरीत लिहिलं असतं तर आपणच 'काहीही दाखवतात' म्हटलं असतं.

वेमो (गूगलच्या घराण्यातली, चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची कंपनी) आणि उबरच्या भांडणात तर एका पुरवठादाराच्या ईमेलमध्ये चुकून वेमोच्या माणसाचा पत्ता गेला. सोबत उबरच्या लायडारच्या, म्हणजे लेझरने आजूबाजूचं अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या, सर्किट बोर्डाचं ड्रॉइंग. वेमोच्या म्हणण्यानुसार ते त्यांच्याच बोर्डासारखं होतं. २०१७मध्ये दावा, २०१८मध्ये तडजोड.

ॲडम हिंजवडीत असता तर? अमेरिकेत १९९६पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, व्यापारी गुपित चोरलं तर १० वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे असं वेगळं कलम नाही. नोकरीचा करार, माहिती तंत्रज्ञान कायदा आणि चोरी-विश्वासघाताची नेहमीची कलमं, यांवर भागवतात. विधी आयोगाने मार्च २०२४मध्ये २८९व्या अहवालात स्वतंत्र कायदा सुचवला आहे. म्हणजे वायटची धमकी इथे इतकी झणझणीत बसली नसती, वकिलांची मात्र चंगळ झाली असती.

शेवटचा भाग

संपवलं, आणि शेवट फोडत नाही. एवढंच सांगते की कोण कुणाला खेळवतंय याचा अर्धा अंदाज मला आला होता, उरलेल्या अर्ध्याने झोप उडवली. शेवटचं पान काहींना अर्धवट वाटेल. मला ते आवडलं.

आता एक मागणी. भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत घडणारी अशी मराठी कादंबरी कुणाच्या वाचनात आली असेल तर नाव कळवा. रेट फोडणारा परचेसवाला, दोन्हीकडे माल देणारा व्हेंडर, रात्रपाळीचा वॉचमन, सगळी पात्रं इथे तयार उभी आहेत. बाबांची एकच अट आहे, कांबळे हवा.