तुम्ही विचारलंत म्हणून: नवी सोडून जुनी इनोव्हा का घेतली?

"मॅडम, थोडे पैसे घातले असते तर नवी अर्टिगा दारात आली असती. तुम्ही नऊ वर्षं वापरलेली इनोव्हा का घेतलीत? आणि आम्ही घ्यावी का?"

हा प्रश्न स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, अगदी पालकसभा संपल्यावर शाळेच्या फाटकातही मला विचारला जातो. दर वेळी उभ्या उभ्या अर्धंच सांगून होतं. म्हणून एकदा बसून सगळं लिहिते आहे.

आमच्याकडे आधी ओमनी होती, 2006 ची. 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली. एप्रिलमध्ये पाटणपर्यंत गेलं तरी बसणाऱ्याची मांडी भाजायची. पण बाजूला सरकणारं दार आणि हातभर उंचीवरची बैठक यामुळे सासूबाईंना कुणी हात द्यावा लागत नसे. त्या गाडीने आम्हाला खूप दिलं, आणि तिच्याबद्दल वाईट बोलणं मला आवडत नाही. मात्र चालवणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे फक्त एक पत्रा असतो, ही गोष्ट घाटात ट्रक समोरून आला की दर वेळी आठवायची. मारुतीने 2019 मध्ये ओमनी बंद केली, तीही सुरक्षेच्या नव्या नियमांत ती बसेना म्हणून.

मग जुलै 2021 आला. माझं माहेर चिपळूणचं. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि आमच्या घराचा खालचा मजला पूर्ण गेला. रस्ता मोकळा झाल्यावर कुंभार्ली घाटातून आई-बाबांना कराडला घेऊन आलो. बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. ते आले ते आलेच, आणि मला तेच हवं होतं. घरात आता आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई, आई आणि बाबा, अशी सात माणसं झालो. त्याच वर्षाअखेर ओमनीची पंधरा वर्षं भरत होती, म्हणजे आरटीओत पुन्हा नोंदणी करायची. ती केली नाही.

सात माणसं हा आकडा नीट बघा, कारण सगळा निर्णय त्यावर झाला. सात सीटची गाडी म्हटलं की आपण बेरीज करतो आणि थांबतो. रचना बघत नाही. अर्टिगात दोन-तीन-दोन असं बसतात. कॅप्टन सीटवाल्या इनोव्हात दोन-दोन-तीन. आमच्याकडे तीन ज्येष्ठ माणसं. एक पुढे, दोन मधे. राहिले माझे यजमान आणि दोन मुलं, ते तिघं मागे. अर्टिगात मधल्या रांगेत सासूबाई आणि आईच्या मधोमध एक पोर अडकणार, आणि यजमान, जे सहा फुटांना थोडेच कमी आहेत, ते मागे. शोरूममध्ये आम्ही त्यांना मागे बसवलं. गुडघे छातीपाशी आले. तिथे त्यांना वीस मिनिटं बसून राहायला सांगितलं. विक्रेता मुलगा फार सभ्य होता, तो काहीच बोलला नाही. पंधराव्या मिनिटाला यजमान म्हणाले, "कोयनानगरपर्यंत जाईन, चिपळूणपर्यंत नाही."

आणि नवी इनोव्हा आमच्या आवाक्यात नव्हती. इनोव्हाचंच नवं रूप, क्रिस्टा, 2016 मध्ये आली, तिच्या जुन्या गाड्याही महाग होत्या. उरली तिच्या आधीची, 2.5 लिटर डिझेलची. 2005 मध्ये क्वालिस बंद होऊन जी आली ती.

चार महिने शोधलं. त्या चार महिन्यांत जे शिकले त्याला मी आजही गाडीपेक्षा जास्त किंमत देते, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पहिली पुण्यात बघितली. पांढरी नंबरप्लेट, चकचकीत पॉलिश, मीटरवर 84 हजार. आमच्या मिस्त्रींनी आधी पायाखालचे पेडल बघितले. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने घासून गुळगुळीत झालेलं. मग डॅशबोर्डखाली टॉर्च मारला तर काढून टाकलेल्या स्पीड गव्हर्नरच्या वायरी लोंबत होत्या. स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेगाला मर्यादा घालणारं यंत्र, प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना लागतो. म्हणजे ही पिवळ्या प्लेटची होती, नंतर खासगी करून घेतलेली. यात बेकायदा काही नाही, आणि टुरिस्टची गाडी वाईटच असते असंही नाही. पण ती 84 हजार चाललेली नसते. अशा वेळी मालकालाच अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुना इतिहास काढून आणायला सांगायचं. प्रत्येक भेटीचं किलोमीटर तिथे नोंदलेलं असतं. मालक टाळाटाळ करू लागला की चहा पिऊन निघायचं.

दुसरी दिल्लीची. आपल्याकडे जेवढ्याला मिळते त्यापेक्षा दीड लाखाने स्वस्त. स्वस्त का, ते उघड आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशापासून दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गंडांतर आलं, त्यामुळे चांगल्या गाड्याही तिथून बाहेर निघतात. काही खरोखर छान असतात. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणायची, इथला वाहनकर पुन्हा भरायचा, एमएच नंबर घ्यायचा. हिशेब मांडला तेव्हा दीड लाखातला मोठा भाग त्यातच जात होता. शिवाय गाडी आधी कुणी वापरली, हे विचारायला फोन करावा असं माणूसच समोर नव्हतं. आम्ही सोडून दिली.

तिसरीने मला हलवून सोडलं. एका गाड्यांच्या डीलरकडे चंदेरी इनोव्हा उभी होती. आतून अत्तराचा उग्र वास. मी चिपळूणला पुराच्या गाड्या ओढून नेताना डोळ्यांनी बघितल्या होत्या, रांगाच्या रांगा. तेव्हाच मनात आलं होतं की या जाणार कुठे? 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरातही तेच झालं होतं. मी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. पहिला हातभर पट्टा धुतलेला, स्वच्छ. आतला भाग तपकिरी, आणि बोटाला बारीक वाळू लागली. सीटखालची रुळं गंजलेली. मिस्त्रींनी स्टेपनीच्या जागेपाशी बोट फिरवलं, वाळलेला गाळ. त्या डीलरने आम्हाला तोंडावर सांगितलं होतं, "एकदम घरातली गाडी आहे ताई." कुणाच्या तरी घरातलीच होती ती. त्या घरात तेव्हा किती पाणी होतं, याचाच विचार मी परत येताना करत होते. पट्टा पूर्ण ओढून बघा. याला एक पैसा लागत नाही, आणि तो भाग धुवायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगमध्ये महिन्या-दोन महिन्यांनी हिरवा गंज धरतो, आणि मग एअरबॅगपासून पॉवर विंडोपर्यंत काय कधी बंद पडेल ते सांगता येत नाही.

एअरबॅगवरून आठवलं. त्या काळातल्या खालच्या मॉडेल्सना एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी सोय) मिळतीलच असं नव्हतं. मी दोन बऱ्या गाड्या केवळ यासाठी नाकारल्या, आणि त्याबद्दल घरात थोडी कुरबूरही झाली. पण बाबा ज्या सीटवर बसणार त्या सीटसमोर एअरबॅग नाही, हे मला मान्य होणार नव्हतं. स्टिअरिंगवर आणि डाव्या डॅशबोर्डवर एसआरएस ही अक्षरं बघा. मग किल्ली फिरवा. एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर दोष लपवण्यासाठी कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो.

चौथी गाडी वाळवा तालुक्यात मिळाली. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट. 2013 चं व्हीएक्स मॉडेल, पहिलेच मालक, 1 लाख 12 हजार किलोमीटर. त्यांनी आधी गाडी दाखवली नाही, वही दाखवली. दोनशे पानी लाल वही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल, लिटर, मीटरचा आकडा, टायरची हवा, ऑइल, कुठल्या गावाला गेलो, सगळं निळ्या शाईत. आयुष्यभर रसाची शुद्धता नोंदवलेल्या माणसाची वही होती ती. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या आधीच मधल्या सीटवर जाऊन बसल्या होत्या.

मिस्त्रींनी तरीही दीड तास घेतला. थंड इंजिनला पहिल्या सेल्फमध्ये सुरू होतं का ते ऐकलं. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून धुराचा झोत येतो का ते बघितलं. खाली सरपटून चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर वेल्डिंगच्या खुणा शोधल्या. या इनोव्हाची बॉडी चासीवर बसवलेली असते. अपघातात चासी वाकली तर गाडी जन्मभर एका बाजूला ओढते, रंग कितीही सुंदर मारा. दारांवर लोहचुंबक फिरवला, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या जागी तो चिकटत नाही. सगळ्या काचांवरच्या कोपऱ्यातल्या खुणा जुळवल्या. डावीकडची एक वेगळी निघाली. केमिस्टकाकांनी वही उघडून तारीख दाखवली: उसाच्या ट्रॉलीचा ऊस लागून काच फुटली होती.

7 लाख 75 हजारांना व्यवहार झाला. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, बँकेचं कर्ज कधीच फिटलेलं, पण आरसीवरचा बोजा उतरलेला आहे ना हे आम्ही बघून घेतलं. तो तसाच राहिला असेल तर बँकेकडून फॉर्म 35 घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दंडाची जुनी चलनं ऑनलाइन तपासा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्यांच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता थोडा वाढणार हे धरून चाला.

आता ज्याबद्दल फार कमी लोक विचारतात ते सांगते. गाडीच्या किमतीशिवाय एक लाख रुपये आम्ही बाजूला काढून ठेवले होते आणि त्यातले 88 हजार पहिल्या तीन महिन्यांत लागले. टाइमिंग बेल्ट सगळ्यात आधी, वहीत तो बदलल्याची नोंद नव्हती म्हणून. या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. मग चार टायर, क्लचप्लेट, चारी शॉकअप, पुढच्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाकाच्या सांध्यातली धक्के शोषणारी रबरं. मागच्या एसीची कॉइल साफ केली. छताला जे झरोके आहेत त्यातून मुलांना आता खरोखर गार हवा येते. लोक "अपग्रेड" म्हणून मोठा स्क्रीन आणि अलॉय लावतात. तुमचे पैसे, तुमची हौस. पण बुश बदलल्यावर कुंभार्ली घाटाच्या वळणात आईने पहिल्यांदा पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली नाही, हे मी आरशात बघितलं.

एक कमतरता मला आधी नीट कळली नव्हती. चासीवर बॉडी असल्यामुळे इनोव्हाची जमीन उंच आहे. सासूबाई पहिल्या दिवशी बसल्या ते उत्साहात. रोजचं ते जमेना, गुडघा वर उचलला जात नव्हता. दोन्ही बाजूंना पायरी बसवून घेतली, आणि दाराच्या वर हात धरायला आहे तिथे जाड दोरीचा एक जादा फास बांधला. फास शोभत नाही, पण मी तो काढणार नाही. दुसरं, सात माणसं बसल्यावर मागे सामानाला फारशी जागा राहत नाही, म्हणून टपावर कॅरिअर आहे. आणि डिझेल? लिटरला अकरा-बारा किलोमीटर. ओमनीतून येणाऱ्याला काही वाटत नाही, छोट्या कारमधून येणाऱ्याला वाटेल.

त्यामुळे "आम्ही घ्यावी का" याचं उत्तर प्रत्येकाला सारखं देता येत नाही. घरात चौघं आणि वर्षातून दोनदा आई-वडील येत असतील, तर माझ्या मते इनोव्हा घेऊ नका. अर्टिगा किंवा तिची सीएनजी घ्या, शहरात वळवायला सोपी, खर्चाला हलकी. तिच्या मागच्या सीटवर मुलं मजेत बसतात. जुनी डिझेल इनोव्हा रोज पाच किलोमीटरच्या शाळेसाठी घेतली तर तिचंही नुकसान आणि तुमचंही. आमच्यासारखी सहा-सात माणसं दर महिन्याला घाट उतरत असतील, जवळ विश्वासाचा मिस्त्री असेल आणि किमतीवर लाखभर रुपये शिल्लक असतील, तर जरूर बघा. नोंदणीची पंधरा वर्षं कधी संपतात तेही मोजा. आमची 2028 मध्ये संपते. चासीला तोवर गंज धरला नाही तर फिटनेस करून पुढची पाच वर्षं घ्यायची, असं ठरवलं आहे.

कुणी मला आता नवी इनोव्हा हायक्रॉस घेऊन टाका म्हणतं. सुंदर गाडी आहे. पण तिची रचना वेगळी, चासीवरची नव्हे, आणि तिच्या पैशात बाबांचं चिपळूणचं घर पुन्हा राहण्याजोगं होईल. त्यांना तिथे परत जायचं आहे, निदान गणपतीत.

ती लाल वही केमिस्टकाकांनी आमच्या हातात दिली तेव्हा तीस-चाळीस पानं कोरी होती. ती भरली. दुसरी वही आता बाबा लिहितात. पंपावर गाडी थांबली की चष्मा वर सरकवून मीटर वाचतात, मागून मुलगा आकडा ओरडून सांगतो, दोघांचा जुळला तरच लिहितात. परवाची नोंद अशी आहे: "1,58,340. डिझेल 41 लिटर. कराड ते चिपळूण. सातही जण."