‘औदुंबर’चा व्हिडिओ : चौथा रविवार

बालकवींच्या ‘औदुंबर’वर मुलांकडून व्हिडिओ करून घ्यायचा घाट घातला, त्याला आज चार रविवार झाले. पाच मुलं, सहावी ते आठवीतली. शाळेत हिंदी-इंग्रजी, मराठी फक्त घरात, तीही आपली इंदुरी. औदुंबर म्हणजे उंबर, असं सांगितलं तरी चेहरे कोरेच. ‘गूलर’ म्हटलं तेव्हा कुठे पेटली.

पहिला कट बघवेना. नेटवरून उचललेले धबधबे, मागे बासरी. ‘झरा’ आला की झरा, ‘गाव’ आलं की गाव. कविता कुणी वाचल्याची खूणच नाही. चूक माझीच, ‘कवितेवर व्हिडिओ करा’ एवढंच सांगून मोकळी झाले होते.

मग दोन अटी घातल्या. चित्रण स्वतःच करायचं, आणि प्रत्येक शॉट तसाच का घेतला ते कवितेतल्या एका शब्दावर बोट ठेवून सांगायचं. रंग लगेच सापडले : निळासावळा झरा, पांढरी पायवाट, काळा डोह. पण ‘गोड काळिमा’पाशी गाडी अडली. ब्राइटनेस कमी केली तर भुताचा पिक्चर वाटायला लागला. "पण गोड लिहिलंय ना!" म्हणून पोरांनी स्वतःच तो शॉट उडवला. शेवटी सिरपूर तलावावर ऊन उतरेपर्यंत बसलो आणि झाडाची सावली पाण्यावर लांबत गेली तशी टिपली. फोन एकदा चिखलात पडला. वाचला.

खरी मजा क्रियापदांनी आणली. सातवीतल्या एकीने पेन्सिलीने खुणा केल्या : झरा ‘वाहतो’, पायवाट ‘चालली’. मग म्हणाली, "काकू, सगळे चालून राहिलेत, झाडच फक्त बसलंय." म्हणजे आतापर्यंतचे सगळे शॉट हलते हवेत आणि शेवटचा स्टँडवर, अजिबात न हलणारा! हे तिनेच ठरवलं, मी नुसती मान डोलावली. पायवाटेचा शॉट पुन्हा घ्यावा लागला, कारण आधी तो स्थिर होता. या वेळी फोन छातीशी धरून पोरगा बांधावरून चालत गेला. चित्र थोडं हिंदकळतं, पण ‘अडवीतिडवी’ला ते शोभतं.

आता भांडण आहे ‘बसला असला औदुंबर’मधल्या ‘असला’वरून. एकाला वाटलं बंदुका. हिंदी बातम्यांत ‘असला बरामद’ ऐकतो ना बिचारा. दुसरी म्हणते ‘बसला असेल’, कवीची खात्री नाही, म्हणून झाड धूसर दाखवू. तिसरा म्हणतो ‘असा हा’, कुणीतरी बोट दाखवतंय, म्हणून झाड लख्ख हवं. माझा कौल तिसऱ्याला, पण तो मी अजून सांगितलेला नाही. दोन्ही शॉट घेऊन ठेवलेत. तलावाकाठी पाण्यात पाय सोडलेला उंबर काही मिळाला नाही. करंजाच्या पडछायेवर भागवलं.

आवाज अजून बाकी आहे. मागच्या वेळी पंखा बंद केला, तर शेजारच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. आता रजईत शिरून म्हणणार आहेत. आठच ओळी आहेत, गुदमरणार नाहीत.